भुरी, माझ्या ओटीतले दाणे

भुरे,

तू गेलीस त्याला आज तीन आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मी कुणापाशी तुझ्यासाठी रडले नाही, कारण समोरचा हसू दाबतो. कोंबडीसाठी रडणारी बाई म्हणजे हिवरखेडात चार दिवसांची करमणूक. त्यात मी मास्तरीण, तीस वर्षं पोरांचे कान उपटलेली. पण तुला जे सांगायचं आहे ते रडण्याहून अवघड आहे. तुला शेजारच्या कमलानं विष घालून मारलं, असं मी गल्लीभर सांगत सुटले होते. ते खोटं होतं. तुला मारणारी बाई दुसरी आहे, आणि तीच हे लिहायला बसली आहे.

एकदम तिथवर जायला मन धजत नाही. आधी थोडं मागचं बोलू दे.

सेमाडोहच्या शाळेत माझ्या नोकरीची शेवटची चार वर्षं गेली. निरोपाच्या दिवशी टेबलावर शाली आणि नारळ यांचा ढीग लागला होता. भाषणं संपत आली तेव्हा चौथीतल्या एका पोरीची आई बाजूच्या दारानं आत आली. तिच्या काखेत तू. पाय सुतळीनं बांधलेले, मान ताठ, आणि डोळ्यांत असा राग की समारंभ तुझाच आहे आणि तुलाच कुणी विचारलेलं नाही. "मॅडम, शाल तो सब देते," ती म्हणाली, "ये अंडा देगी." तुला माझ्या मांडीवर ठेवून ती निघूनही गेली, आभारप्रदर्शनाला थांबली नाही. खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात अंडी आली नाहीत, रस्सा आला.

परतवाड्याहून अकोटच्या गाडीत बसलो तेव्हा तू कापडी पिशवीत होतीस, फक्त डोकं बाहेर. कंडक्टर आला आणि थबकला.

"बाई, हे काय?"

"कोंबडी. दिसत नाही?"

"डोकं बाहेर काहाडून बसली म्हणजे सवारी झाली. हिचं तिकीट लागते."

मी त्याला नियम कुठे लिहिलाय ते दाखव म्हटलं. नियम वाचणं आणि वाचून दाखवणं ही माझी जुनी खोड, पुढे तुलाही ती पुष्कळ सोसावी लागली. आमची हुज्जत रंगात आली असताना तू त्याच्या हातातून लोंबणारा तिकिटाचा कागद चोचीनं ओढून घेतलास. सगळी गाडी हसली. तोही हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या बाई, तुमच्यावाणीच हाये ते." त्या गाडीत मी पहिल्यांदा तुझ्या डोक्यावरून बोट फिरवलं. पिसं एवढी मऊ असतील असं मला वाटलं नव्हतं.

घरी आमच्या ह्यांनी तुला हातात तोलून पाहिलं आणि "रविवारी पाहू" असं म्हणून पेरूच्या झाडाला बांधलं. रविवार यायच्या आधी सोमवार आला, निवृत्तीनंतरचा पहिला. असा दिवस वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये. अकरा वाजले आणि मी उठले, पदर नीट केला, चप्पल घातली, पर्स घेतली, आणि अंगणात येऊन उभी राहिले. जायला जागाच नव्हती. हे शेतात गेलेले, मुलगी अमरावतीला तिच्या संसारात. मी तशीच पर्स घेऊन उभी. तुझी दोरी केव्हाच सुटली होती आणि तू झाडाखालची माती उकरून ढीग लावला होतास. मी सवयीनं ओरडले, "ए, काय चाललंय तिकडे?" तू मान वर केलीस, एका डोळ्यानं मला नीट पाहिलंस आणि चालत चालत माझ्या पायाशी आलीस. तीस वर्षांत एकही पोरगं माझ्या ओरडण्यावर असं जवळ आलं नव्हतं.

रविवारी ह्यांनी विचारलं, "मंग काय करतं? पाणी ठेवतं काय चुलीवर?"

मी म्हटलं, "राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. "राहू दे मंग. तुले कोणीतरी ऐकणारं पायजेच," म्हणाले आणि बाजारातून वांगी घेऊन आले. या माणसानं मला आयुष्यात फारसं काही समजावून सांगितलं नाही, पण समजून घेतलं पुष्कळ.

त्यानंतरची तीन वर्षं तू माझं ऐकलंस. फळ्यावरचा खडू सुटला होता, बोलणं सुटलं नव्हतं. मी तुला पेपरातल्या बातम्या सांगायची, मुलीच्या सासूबद्दल सांगायची, सून म्हणून माझ्या वाट्याला आलेल्या आणि कुणाला न सांगितलेल्या गोष्टीही सांगायची. तू मधूनच एक बारीक आवाज काढायचीस, हुंकार दिल्यासारखा. त्यात तुला काय कळत होतं ते तूच जाणे. मला मात्र हलकं वाटायचं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला मी बहुतेक वेळा रागेच भरत आले.

भांडणंही काही कमी झाली नाहीत आपली. हिवाळ्यात कूलर कोपऱ्यात सरकवून ठेवला की तू त्याच्या पाठीमागच्या वाळलेल्या गवतात शिरून अंडी घालायचीस. मी खास तुझ्यासाठी टोपली केली होती, त्यात जुनं लुगडं अंथरलं होतं. टोपलीकडे तू ढुंकून पाहिलं नाहीस. मार्चमध्ये कूलर सुरू करायला गेले आणि आतून सात अंडी निघाली, त्यातलं एक माझ्या हातात फुटलं. त्या वासानं ह्यांनी दोन दिवस अंगणात जेवण घेतलं. मे महिन्यात अकोल्याकडचं ऊन पेटलं की त्याच कूलरसमोर तू अशी पसरायचीस, की पाहुण्यांना खुर्ची सरकवून बसावं लागे.

एक भांडण मात्र अर्धवट राहिलं, आणि त्यात चूक माझी होती. तू खुडूक बसायचीस तेव्हाचं. अंडी उचलून नेली तरी रिकाम्या जागेवर, एकदा तर घरंगळून आलेल्या कांद्यावर, पिसं फुलवून बसून राहायचीस, दाणापाणी सोडून. मी तुला उचलून बादलीतल्या गार पाण्यात बुडवायची, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लहानपणी आईला तसं करताना पाहिलं होतं. तू ओली होऊन थरथरत माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस. कमला तेव्हा कुंपणापलीकडून म्हणाली होती, "बाई, बसू द्या ना तिले. माझ्या घरी कोंबडा हाये, माझ्या कोंबड्यायची अंडी देतो मी. पिल्लं काढन, निवन तिचा जीव." मी म्हटलं, अंगणात घाण होते. तीन वेळा कमलानं विचारलं, तीनही वेळा मी नाही म्हटलं. तू पिल्लं न काढताच गेलीस. आता अंगण इतकं स्वच्छ आहे की पाहवत नाही.

कमलाबद्दल तुला वेगळं सांगायला नको. तुराट्यांच्या कुंपणापलीकडे तिचं घर, नवरा नाही, दोन पोरी शिकताहेत, आणि ती आमच्या आणि इतर चार जणांच्या शेतात मजुरीला जाते. तिनं दारासमोर मिरचीचं रोप टाकलं होतं. तू ते कुंपण फोडून दोनदा उकरलंस. दुसऱ्या वेळी ती हातात तुटकी रोपं घेऊन दारात आली. "बाई, हिले आवरा. नाही तर एक दिवस मीच हिचं काही करून टाकतो." मी म्हटलं, कुंपण नीट घाल. ती गेली. रागात माणूस बोलतो तसं ती बोलली होती, हे मला त्या वेळी कळत होतं. चार दिवसांनी कळेनासं झालं.

आता त्या दिवसाचं सांगते.

पावसानंतर जमिनीला वाफसा आला होता आणि आम्ही कपाशी लावायला घेतली होती. मी, कमला आणि आणखी दोघी. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेला घरापुरती चार तास, चार ओळी ज्वारी पेरायची असं मीच ठरवलं. ज्वारीचं बी या वर्षी दुकानातून आणलेलं, गुलाबी रंगाचं, औषध चोळलेलं. धुऱ्यावर उभी राहून मी चष्मा लावला आणि पिशवीवरचं बारीक अक्षर सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं. माणसांनी खाऊ नये. जनावरांना, पक्ष्यांना घालू नये. उरलेलं बी पुरून टाकावं. हात साबणानं धुवावेत. दोनदा वाचलं, कारण कमलाला वाचता येत नाही आणि मला समजावून सांगायची हौस. तिनं मान डोलावून ऐकून घेतलं. मग मी जुन्या ओढणीची ओटी कमरेला बांधली, त्यात ती ज्वारी घेतली आणि तासातून चालत पेरत गेले. फार वर्षांनी पेरत होते. पाय दुखत होते आणि मला छान वाटत होतं.

माझी आई पेरणीहून परत आली की ओटीतलं उरलेलं बी कधी घरात नेत नसे. अंगणात उभी राहून ओटी झटकायची. पाखरांचा वाटा, म्हणायची. पेरायला काढलेलं बी परत उंबऱ्याच्या आत आणलं की जमीन रुसते, असं तिच्या मनात पक्कं होतं. तिच्या वेळची ज्वारी घरच्या कणसातली, पांढरी. ती खाऊन पाखरं धष्टपुष्ट व्हायची.

घरी आले. पाय धुवायला बादलीकडे जाता जाता ओढणीची गाठ सोडली आणि अंगणात झटकली. हातांनी केलं ते, भुरे. मी त्यात नव्हते. सकाळी दोनदा वाचलेलं, समजावून सांगितलेलं सगळं कुठे गेलं होतं मला आजही सांगता येत नाही. ओढणी खुंटीला टांगली, हात साबणानं धुतले, अगदी कोपरापर्यंत. तू झाडाखालून धावत आलीस, पंख अर्धे उघडून, जी धाव पाहून मला नेहमी हसू येई तशी. "हळू, हळू, कुणी पळवत नाही," असं म्हणून मी आत जाऊन चहा टाकला.

चहा पिऊन बाहेर आले तर तू ओट्याच्या पायरीशी बसली होतीस. उन्हं अजून कुंपणावर होती. तुला उठवायला गेले तर पाय धरत नव्हते. पंख लोंबले होते, चोचीतून पाणी गळत होतं. मला वाटलं ऊन लागलं. तुला मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला, मोठमोठ्यानं हाका मारल्या, ह्यांना, तुला, कुणाकुणाला. अर्ध्या तासात तू मान माझ्या मनगटावर टाकलीस.

माझा आवाज ऐकून तेवढ्या वेळातच कमला फाटकातून आत आली. दोन पावलं टाकून थांबली, खाली पाहिलं, आणि माझ्याजवळ यायचं सोडून तिथेच उकिडवी बसली. मातीतून काहीतरी वेचू लागली, पटापट, पदरात टाकत. तुझा जीव जात होता आणि ही माझ्या अंगणातून काय उचलते आहे? मला तिचं चार दिवसांपूर्वीचं बोलणं आठवलं आणि माझं डोकं फिरलं.

"काय वेचतेस?"

"काही नाही, बाई."

"टाकलेलं विष आता उचलून नेतेस होय? मिरचीच्या रोपापायी जीव घेतलास मुक्या प्राण्याचा?"

तिचा हात मातीत तसाच राहिला. तिनं तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं वाटते काय बाई तुमाले?" एवढंच म्हणाली. पदर मुठीत आवळून उठली आणि गेली.

हे बैल बांधून आले तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस. त्यांनी हात लावून पाहिला आणि हळूच म्हणाले, "अजून गरम हाये. कापाची असन तर आत्ताच." मी असं पाहिलं त्यांच्याकडे की ते मुकाट्यानं फावडं आणायला गेले. त्या माणसाला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. इथं लोक असंच बोलतात, वाईट वाटलं की कामाचं बोलतात. तुला पेरूच्या झाडाखाली पुरताना त्यांनी खड्डा हातभर जास्तच खोल घेतला. मी त्यांना कमलाचं सांगितलं.

"तुनं पाह्यलं काय टाकतांनी?"

"उचलताना पाहिलं."

"उचलतांनी पाह्यलं म्हणजे टाकतांनी पाह्यलं नाही ना?" म्हणाले आणि माती लोटत राहिले. मला त्यांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या चक्कीवर मी सगळं सांगितलं. सात-आठ बाया होत्या. माझा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा, तो चक्कीच्या घरघरीवरूनही गेला. बाईंनी सांगितलं म्हणजे खरंच असणार, असं या गल्लीत अजून मानतात. मी त्यांची पोरं शिकवली आहेत. तीन दिवसांत कमलाला निंदणाच्या, तण काढायच्या टोळीत बोलावणं बंद झालं. ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांनी तिच्या घरावरून जाणंही सोडलं. दहा-बारा दिवसांनी आमच्या शेतातही निंदण सुरू झालं. मी तिला हाक मारली नाही. कुंपणापलीकडून तिच्या भांड्यांचा आवाज यायचा, बोलण्याचा येत नसे. तुझ्यासाठी मी रडत होते आणि मला वाटत होतं, रडण्यानं माझा रागही खरा ठरतो.

मग तो दिवस आला. चार तासांतली ज्वारी जागोजाग उगवलीच नव्हती, तिथे परत बी टाकायचं होतं. मी खुंटीवरची ओढणी काढली. पेरणीनंतर तिला कुणी हात लावला नव्हता. बांधायला म्हणून उलगडली तर कापडावर गुलाबी डाग, आणि एका कोपऱ्याच्या घडीत चार दाणे चिकटून राहिलेले. मी ओढणी हातात घेऊन अंगणात आले, का ते माहीत नाही. जिथे उभी राहिले होते तिथेच येऊन उभी राहिले, आणि माझे हात मला दिसले, ओढणी झटकताना. तू धावत येताना दिसलीस. मी खाली बसले ती बराच वेळ उठले नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मी कशी होते ते तुला सांगायला लाज वाटते. मी दुकानदाराला दोष दिला. बी बनवणाऱ्यांना दिला. खाण्याच्या धान्यासारखं दिसणारं विष विकतात म्हणून मनातल्या मनात एक लांबलचक पत्र लिहिलं. आईच्या सवयीला दोष दिला. ओढणी वेळेवर धुतली नाही म्हणून ह्यांना दिला, ज्यांचा त्या ओढणीशी काही संबंध नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मनात आलं की कुणाला कळणार आहे? तू मातीत, दाणे संपलेले, ओढणी चुलीत घातली की झालं. कमला चार महिन्यांनी विसरेल, लोक आठ दिवसांत विसरतील. मी चुलीपर्यंत गेलेही.

तिथे ह्यांनी पाहिलं. माझ्या हातातली ओढणी पाहिली, चेहरा पाहिला. मी बोलायला लागले तर हात वर करून थांबवलं. "मले काहून सांगतं? तिले सांग."

कमला ओट्यावर भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. बसायला तिनं पाट दिला नाही, मीही मागितला नाही.

"कमला, ते दाणे माझ्या ओटीतले होते."

ती देठं मोडत राहिली. "मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकायी. मातीत गुलाबी दाणे दिसले ना. तुमीच तर वाचून दाखवलं व्हतं, पाखरायले घालू नये म्हणून. माझा कोंबडा येते तथी, चिमण्या येतात, म्हणून येचले. मांगच्या बाजूनं खड्डा करून गाडून टाकले."

मला वाचता येत होतं आणि तिनं ऐकलं होतं.

"मग बोलली का नाहीस? मी तुला एवढं बोलले."

"कसं बोलू, बाई? ते तुमच्या मांडीवर व्हती. जीव जाऊन रायला व्हता तिचा. त्या वक्ती सांगू काय, का तुमच्याच हातानं झालं म्हणून?"

"नंतर तरी सांगायचंस."

"सांगणार व्हतो. पण तुमी चक्कीवर सांगतलं. मंग मले राग आला. म्हटलं, आता नाहीच सांगत."

मी हात जोडले. ती माझे हात पाहत राहिली, जवळ आली नाही. "माफ केलं म्हणून खोटं काहून बोलू, बाई? राग हाये मले. टोळीत कोणी घेत नाही, पोरगी शायेतून रडत येते. जथी सांगतलं तथीच जाऊन हेही सांगा. मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी मी चक्कीवर गेले. बाया तितक्याच होत्या, थोड्या इकडच्या तिकडच्या. मी म्हटलं, माझ्या कोंबडीला कमलानं मारलं नाही. मी मारलं. बियाच्या पिशवीवरचं शेतात वाचून दाखवणारी मीच, आणि घरी येऊन अंगणात विष झटकणारीही मीच. कमलानं बाकीची पाखरं वाचवली आणि माझे शब्दही गिळले. या वेळी माझा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नाही. चक्कीवाल्यानं पट्टा थांबवला म्हणून ऐकू गेलं. एक जण पदरात हसली. दुसरी म्हणाली, "होते बाई, आमीही ओटी झटकतोच ना." हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मग त्या सगळ्या आपापली अंगणं आठवू लागल्या.

परवापासून कमला निंदणाला येते आहे. माझ्या तासाच्या दोन ओळी पलीकडे बसते. काल तिनं माझ्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. तिचा राग जाईल तेव्हा जाईल. मी घाई करणार नाही, मला तो अधिकार नाही.

आता एकच गोष्ट उरली, जी मी कमलाला सांगितली नाही, चक्कीवर नाही, ह्यांनाही नाही. ती फक्त तुला माहीत आहे. तू मांडीवर होतीस, कमला यायच्या आधी. मला वाटलं तुला अशक्तपणा आला आहे, पोटात काही गेलं तर उठशील. मी पायरीखालून हाताला लागले ते चार दाणे उचलले. डोळे पाण्यानं भरलेले, रंग कुठला दिसतो. तळहातावर घेऊन तुझ्या चोचीपाशी नेले आणि म्हटलं, "खा गं, माझी बाई, एक तरी खा." तुझ्या मानेत बळ नव्हतं. तरी तू डोळा उघडलास, माझ्याकडे पाहिलंस, आणि हळूच एक दाणा उचललास.

भूक नव्हती तुला, भुरे. मी म्हटलं म्हणून खाल्लास.